तुझ्या बोटाबद्दल

बाळा,

काल व्हिडिओ कॉलवर तू डबा खात होतास तेव्हा मला तुझं मधलं बोट दिसलं, टोक खाली वाकलेलं. तू म्हणालास कॅच घेताना बॉल टोकावर बसला, फार दुखत नाही, होईल बरं. मला रात्रभर झोप लागली नाही, कारण माझी उजव्या हाताची करंगळी अशीच आहे. तुला ती कायम तशीच माहितीय म्हणून कधी विचारलं नाहीस. तू दोन वर्षांचा होतास, आपण विश्रामबागला भाड्यानं राहायचो, गादीखाली चादर खोचताना टक्कन आवाज आला आणि टोक लोंबायला लागलं. मी एका मालिशवाल्याकडं गेले, त्यानं ओढून सरळ केलं, वर हळदीचा लेप दिला, सूज उतरली आणि मला वाटलं झालं. मिरजेला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं ते वर्षानं. अजून भाकरी थापताना त्या करंगळीचं टोक पिठात रुततं, रोज, प्रत्येक भाकरीला.

म्हणून आता नीट वाच. शेवटच्या पेरावर वरच्या बाजूनं एक पातळ टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, येऊन चिकटलेलं असतं, बोट सरळ करायचं काम त्याचं. बॉल टोकावर आदळला की पेर झटक्यात वाकतं आणि ते टेंडन तुटतं, कधी हाडाचा छोटा तुकडा घेऊनच निघतं. याला मॅलेट फिंगर म्हणतात. ओळखायचं कसं तर टोक स्वतःच्या ताकदीनं वर होत नाही, पण दुसऱ्या हातानं उचललं की सरळ होतं आणि सोडलं की परत पडतं. एकदाच बघ, सारखं करत बसू नकोस. आणि दुखत नाही म्हणून काही नाही असं धरू नकोस, मलाही फार दुखलं नव्हतं.

बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, फक्त स्प्लिंट (बोटाचं टोक सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी) लागतो, पण तो ६ ते ८ आठवडे, दिवसरात्र, झोपताना अंघोळीला सगळीकडं, आणि त्यानंतर अजून काही आठवडे रात्री. टोकाचा सांधा एकदम सरळ पाहिजे, मधला मोकळा, तो हलवत राहायचा नाहीतर आखडतो. पुसायला स्प्लिंट काढशील तेव्हा बोट टेबलावर सपाट ठेव आणि टोक खाली पडू देऊ नकोस, कारण ५ आठवडे झालेले असले आणि एकदा जरी वाकलं तरी जुळत आलेलं ताणतं आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. तुझा धसमुसळा स्वभाव मला माहितीय म्हणून हे सांगतेय. आतली कातडी पांढरी ओली झाली तर कोरडी कर. हाडाचा मोठा तुकडा निघाला असेल, सांधा सरकला असेल किंवा जखम उघडी असेल तरच ऑपरेशनचा विषय येतो.

आणि तुमच्या हॉस्टेलवर कबड्डीवाली पोरं आहेत ना, त्यांनाही सांग. मामाच्या पोराचं तासगावला झालं ते याच्या उलटं. रेडरची जर्सी मुठीत धरली, त्यानं हिसका दिला आणि याच्या अनामिकेचं टोक वाकायचंच बंद झालं. तिथं तळव्याकडचं टेंडन सुटतं आणि मागं हाताच्या तळव्यापर्यंत सरकू शकतं, तिथं स्प्लिंटनं भागत नाही, ऑपरेशनच, आणि तेही आठवडा दहा दिवसांच्या आत झालेलं बरं. तो तीन आठवड्यांनी गेला, मुरगळलंय म्हणून बर्फ लावत बसला होता. आता त्याला त्या बोटानं बादलीची कडी धरता येत नाही. मधलं पेर सरळ दाबून धरून नुसतं टोक वाकतंय का बघायचं, एवढंच करायचं होतं रे.

उद्या कॉलेजला नाही गेलास तरी चालेल, आधी हाडांच्या डॉक्टरकडं जा, एक्सरे काढ, बाजूनं काढलेला पाहिजे, हाडाचा तुकडा त्यातच नीट दिसतो. तोपर्यंत टोक सरळ ठेवून आईस्क्रीमची काडी आणि चिकटपट्टी लाव, फार घट्ट नको. पैसे बाबांनी टाकलेत. स्प्लिंट लावल्यावर फोटो पाठव.

तुझी आई