दातांचे ब्रश द्या, आणि रात्रीचा अर्धा तासही द्या : निवाऱ्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

भुसावळला गाडीतून उतरला आणि पुन्हा कुठे गेलाच नाही, असा माणूस आपल्या निवाऱ्यात आला की पहिल्या रात्री त्याला गरम भाकरी मिळतेच, हे आपण जाणता. पहिली पांघरुणे दिली केळीच्या वखारवाल्या शेठजींनी. किराणावाले अण्णा गेले, पण त्यांच्या मुलांनी ज्वारीचे पोते एकदाही चुकवले नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पेन्शनीतून गीझर बसवून दिला आणि नाव लावू नका म्हणाल्या, म्हणून इथेही लावत नाही. आणि आपल्या डॉक्टरताई! दर महिन्याला बॅटरी घेऊन येतात, प्रत्येकाला "उभी तीन बोटे तोंडात घाला" म्हणतात. कित्येकांची दोनच मावतात, गुटख्याने तोंड आखडलेले. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती टपरीवर किती पोचली ते काय सांगावे. बायकांची मिशरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, वेगळीच. दुखरा दात तिने बधिर होतो, म्हणून सुटत नाही. शुगरवाल्यांच्या हिरड्या सुजतात आणि हिरड्या सुजल्या की शुगर आटोक्यात येत नाही. चावता येत नाही म्हणून कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चहात बुडवून खाणारी माणसे आहेत आपल्याकडे.

नुसते ब्रश वाटून भागत नाही, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. मागच्या खेपेला वाटलेले आठ दिवसांत निम्मे नाहीसे झाले. सगळा संसार एका पिशवीत, त्यात ओला ब्रश कुठे ठेवणार? एकाने तर ब्रशने चपला घासल्या. मी दातांवर बोलायला उभा राहिलो, तर एक बाबा म्हणाले, "तोंडमा दात उरनात चार, त्यास्ले काय घासू?" सगळे हसले, माझे भाषण तिथेच संपले. मग रेल्वेतल्या आपल्या दादांनी बेसिनवर आरसा लावला आणि शेजारी फळी ठोकली. खिळ्याला नंबर, खिळ्याला ब्रश. तेच बाबा आता झोपण्याआधी सात नंबरच्या खिळ्याला कोणी हात लावला नाही ना, हे बघून येतात.

दिवाळीच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले. प्रत्यक्षात आली हॉटेलच्या खोल्यांतल्या चिमुकल्या ट्यूबांची पिशवी आणि, लिहायला लाज वाटते, काही वापरलेले ब्रश. असो.

हवे ते असे : मऊ ब्रश (चाळीस माणसे, दर तीन महिन्यांनी नवा, म्हणजे वर्षाला १६०), फ्लोराइडची पेस्ट, मिशरी सोडणाऱ्यांसाठी बडीशेप-ओवा, दुसऱ्या फळीचे लाकूड. रोख चालेल, पावती मिळेल. कार्यालय सकाळी १० ते १२, सोमवारी बंद. त्याहून निकडीची गरज माणसांची. आठवड्यातून एक दिवस, रात्री ८.३० ते ९, बेसिनपाशी उभे राहून त्यांच्याबरोबर स्वतःचेही दात घासायचे. दोन मिनिटे घासायचे, फेस थुंकायचा, लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. उपदेश नको, तो मी करून पाहिला आहे. २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन आहे, त्याआधी सातही वारांना नावे लागावीत. आज मंगळवार आणि शुक्रवार भरले आहेत, तेही एकाच घरातून.

फोन लागला नाही तर सरळ निवाऱ्यावर या. रात्री मी तिथेच असतो.

आपला,
सचिव