पालच्या जंगलातून

सावदा

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

परवाच सातपुड्यातल्या पाल गावाहून आलो आणि कधी एकदा तुला लिहितो असं झालं. शाळेच्या सहलीत आपण गारबर्डीचं धरण पाहिलं होतं, आठवतं? या वेळी त्याच्याही वर, यावल अभयारण्यात राहिलो. १९६९ साली जाहीर झालेलं हे जंगल, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. साग, अंजन, धावडा, सालई. सालईची पानं पार झडली आहेत, खोडाची साल कागदासारखी सुटतेय.

सध्या मोहाची फुलं पडताहेत. पावरा आदिवासींच्या पाड्यावरच्या बायकांबरोबर पहाटेच निघालो. फुलं रात्रभर गळतात, ऊन चढायच्या आत टोपली भरायची. फूल फिकट पिवळं, मांसल. दाबलं की बोटं चिकट होतात. एका आजीने मला मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, चांगले खोल. अस्वलालाही मोह प्रिय, म्हणून त्या वेळी एकटंदुकटं कुणी जात नाही. हाका मारत, बोलत जातात. खुद्द अस्वल काही दिसलं नाही.

फुलं नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तीच आग वणवा होऊन डोंगर चढते. या पाड्यावर मात्र सगळं खराट्याने झाडून घेतात. कंबर मोडणारं काम आहे रे! जंगल कुणामुळे टिकलंय, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

आणि ते टिकलंच पाहिजे, दिगंबर. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या थरांतून जमिनीत मुरतो, तेच पाणी आपल्या विहिरींना. रावेर-यावलची केळी त्यावर उभी. उतारावरची झाडं गेली की पाणी मुरायच्या आत गाळ घेऊन खाली धावतं. बोअर खोल खोल नेत बसण्यापेक्षा आपल्या केळीवाल्यांनी डोंगराची काळजी आधी करावी, असं मला फार वाटतं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी काढणारच आहे.

दुपारी पाड्यावर जेवलो. बांबूच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं घर, आत चांगलाच गारवा. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, वर हिरवी मिरची. आग्रह करकरून वाढत होते.

पुढच्या फाल्गुनात वहिनींना, मुलांना घेऊन ये. होळीआधीचा भोंगऱ्या बाजारही बघता येईल. महिनाभर आधी कळव म्हणजे राहायची सोय करून ठेवतो.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत