रविवारचा सराव : घोड्याची नाल

चित्रकला गटातील सर्व नवशिक्या सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी नाल काढायची आहे. एचबी व २बी पेन्सिल, खोडरबर आणावे. पट्टी नको.

आधी फिकट उभी मध्यरेषा, मग तिच्यावर अंडाकृती. खालची बाजू उघडी ठेवा. आतली कड बाहेरच्या कडेसोबत वळवा, टोकं किंचित आत घ्या. खिळ्यांची भोकं दोन्ही बाजूंच्या खाचेत येतात, पुढच्या मधल्या भागात नाहीत. इथं बहुतेकांचं चुकतं, म्हणून नीट बघा. पुढच्या पायाची नाल गोलसर, मागच्याची जरा निमुळती. घरच्या बैलाची नाल बघून काढू नका, त्याच्या दुभंगलेल्या खुराला तुकडेही वेगळे असतात.

माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडेबाजाराला जाणाऱ्यांनी वही सोबत न्यावीच.