रिक्षाचे हूड शिवणाऱ्या काकांना, आमच्या बोटीच्या सीटांबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, तुमचा फोन फक्त उचलायला आणि ठेवायला असतो हे मला माहितीये, पण नात वाचून दाखवेल. आणि वर्सोवा, मढ, मार्वेच्या बोटवाल्यांनी पण वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, चहा सांग" म्हणून विषय बदलता, इथं ती सोय नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची छोटी फायबरची बोट आहे, दादा चालवतो, गळाने मासे धरायची हौस असलेल्या पार्ट्या घेऊन जातो, बुकिंग आणि हिशोब माझ्याकडे. सीटांचं रेक्झिन पार गेलेलं, म्हणजे आधी कडक झालं, मग तडे गेले, मग त्या तड्यांतून पाणी आत, आणि कोरड्याठाक दिवशीसुद्धा बसलेला माणूस उठला की त्याची पॅन्ट मागून ओली. कोणी बोलायचं नाही पण फोटो काढताना सगळे बरोबर पाठ लपवून उभे राहायचे. मागच्या सीझनला एका दुकानातून नवीन कव्हरं घालून घेतली, त्यांनी जुन्या कव्हरावरच नवीन रेक्झिन ओढलं आणि खालून पिना मारून दिल्या, दिसायला एकदम चकाचक, आणि दिवाळी होते न होते तोच कडेकडेने तांबडे ओघळ सुरू. विचारायला गेलो तर म्हणे समुद्राची हवा आहे ताई, असंच होणार.

या पावसाळ्यात बोट वर काढली तेव्हा दादाच्या डोक्यात दारूखान्याला, म्हणजे जुन्या जहाजांचं सामान मिळतं त्या भागात, जाऊन जुन्या जहाजाच्या सीटा बघायचं होतं. मी म्हटलं आधी सात बंगल्याकडच्या हूडवाल्या काकांना दाखवू, रिक्षा पण बिचारी ऊन-पावसातच उभी असते. तुम्ही पहिलंच वाक्य बोललात, "बोटीचं काम मी कधी केलं नाही." दुसरं, "पण उघडल्याशिवाय भाव सांगणार नाही."

आणि मग उघडलंत. सीट उलटी टाकून स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिनेखाली घातलंत, पिन निघालीच नाही, तिथल्या तिथे तांबडी भुकटी झाली. कव्हर सोललं तर आत दुसरं कव्हर, ते सोललं तर फोम, आणि तो तुम्ही मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी आलं काका, बोट कधीची ताडपत्रीखाली कोरडी उभी होती तरी! खालच्या प्लायचे पापुद्रे नखाने निघत होते. वास तर विचारूच नका, दादासारखा दादा, अख्खं आयुष्य मासळीत गेलेला, तो बाहेर जाऊन उभा राहिला. तुम्ही मात्र फोम नाकाला लावून म्हणालात, "वरचं कापड खालच्यामुळं मेलंय." एवढ्या दुकानांत चौकशी केली होती, प्रत्येकाने पहिलं विचारलं कलर कुठला पाहिजे. खालचं काय झालंय हे बघणारे तुम्ही एकटे, माझे आभार मुख्यतः याचेच आहेत.

त्या दिवशी तुम्ही जे जे समजावलंत ते इथे लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, ते मुळात कडक, त्यात तेलासारखं काहीतरी मिसळून मऊ केलेलं असतं. उन्हाने ते हळूहळू निघून जातं आणि माल परत कडक होऊन तडकतो. सनस्क्रीन, डोक्याचं खोबरेल, यांनी तर आणखी लवकर, म्हणूनच आमच्या सीटांच्या पाठी डोकं टेकतं तिथेच आधी फुटल्या होत्या. आणि ते गुलाबी डाग, जे मी साबण, लिंबू, सोडा सगळं लावून घासले, ते वरून लागलेलेच नव्हते, आत ओल्या फोममध्ये जंतू वाढतात त्यांचा रंग आतून रेक्झिनमध्ये चढतो, तो घासून जात नाही. हे आधी कळलं असतं तर माझी बोटं वाचली असती.

मग सामान. तुम्ही रेक्झिनचा तागा उघडला की आधी मागची बाजू बघता हे मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर तुमच्याबरोबर आले तेव्हा बघितलं. दुकानदार पुढची चकाकी दाखवतोय आणि तुम्ही उलटं करून मागचं कापड चिमटीत चोळताय. सुती असेल तर ओलाव्याने कुजणार, पॉलिस्टरचंच पाहिजे आणि माल बोटीसाठीचा, उन्हाला आणि बुरशीला टिकणारा. दादाला गडद निळा हवा होता, तुम्ही म्हणालात मे महिन्यात हाफ पॅन्टवाला कस्टमर बसला की उडी मारेल, मग फिकट राखाडी ठरला. दोरा पण पॉलिस्टरचा, नायलॉन उन्हात लवकर कमजोर होतो आणि कॉटन तर विसराच. प्लाय मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या सरकारी दर्जाचा शिक्का बघूनच घेतला, कापलेल्या कडांना आणि भोकांना इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट लेप पाजला, कारण पाणी कडेनेच शिरतं. पिना आणि स्क्रू ३१६ नंबरच्या स्टेनलेसचे, ते शोधायला नागदेवी स्ट्रीटला दादाला अर्धा दिवस फिरवलंत. ३०४ नंबरचा साधा स्टेनलेस सगळीकडे मिळतो पण खाऱ्या पाण्यात त्याला पण डाग पडतात म्हणून तुम्ही अडून बसलात, दादा वैतागला होता हे आता सांगून टाकते.

फोम प्लास्टिकमध्ये गुंडाळूया असं मी सुचवलं होतं. तुम्ही नको म्हणालात, शिलाईतून थोडं पाणी जाणारच, प्लास्टिक असलं की गेलेलं पाणी आतच अडकतं, त्यापेक्षा त्याला बाहेर पडायला वाट द्या. म्हणून प्लायला भोकं पाडली, खालून कापडाऐवजी जाळी मारली, आणि फोम असा घेतला की पाणी त्यातून सरळ खाली निघून जातं. महाग होता, खरं सांगते, हिशोब लिहिताना माझा हात थांबला होता.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते तुमचं कटिंग. जुनी कव्हरं फेकायला निघाले तर तुम्ही ओरडलात. एकेक शिलाई उसवून तुकडे सुटे केले, प्रत्येकावर खडूने डावा उजवा, पुढचं मागचं लिहिलं, आणि तेच नवीन मालावर ठेवून आखलं, पण जसंच्या तसं नाही, जुनं रेक्झिन आक्रसलेलं असतं म्हणून प्लायवर मोजून कडेने जास्त सोडलं. शिवताना माल मशीनच्या पायाला चिकटायला लागला तर घरातली टाल्कम पावडर मागवलीत, सगळं दुकान बाळाच्या खोलीसारखं घमघमत होतं. टाके लांब लांब. मला वाटायचं बारीक टाका म्हणजे मजबूत, तर रेक्झिनमध्ये उलटं, जवळजवळ भोकं पडली की बरोबर तिथूनच फाटतं. कव्हर चढवायला ऊन पाहिजे होतं, माल मऊ पडतो म्हणून, आणि आपल्याकडे जुलैत ऊन कुठलं, मग माझ्या हेअर ड्रायरवर काम भागवलंत. पहिली पिन पुढच्या कडेला मधोमध, दुसरी तिच्यासमोर मागच्या कडेला, मग दोन्ही बाजू, आणि कोपरे एकदम शेवटी, अंगठ्याने बारीक बारीक चुण्या पाडत. त्या कोपऱ्यांवर एक सुरकुती नाहीये, मी बोट फिरवून बघितलं.

आणि एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे. आम्ही सगळ्याच सीटा नवीन करायला तयार होतो, पैसे बाजूला काढले होते. तुम्ही मागच्या बाकाचं झाकण तपासलंत, प्लाय टणक, फोम कोरडा, फक्त शिलाईजवळ एक चीर. म्हणालात हे नवीन करायचं कारण नाही, आणि शिलाई उसवून ती चीर आत दुमडून घेतलीत, आता शोधून सापडत नाही. दुसऱ्या एका सीटला मधोमध फाटलं होतं तिथे नुसता टाका मारा म्हटलं तर ऐकलं नाहीत, तेवढा तुकडाच बदललात. ज्या कामाचे पैसे मिळत होते ते नको म्हणणारा कारागीर मुंबईत राहतो, हे दादा आता बंदरावर प्रत्येकाला सांगत फिरतो.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. तुम्ही सांगितलंत तसं संध्याकाळी आल्यावर गोड्या पाण्याने धुतो, आठवड्याला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, ब्लीच आणि थिनर बोटीवरून हद्दपार. धुतल्यावर खाली थेंब टपटपताना दिसतात आणि थोड्या वेळाने थांबतात. कस्टमर आता सीटांबद्दल काहीच बोलत नाहीत, मला तेवढंच पाहिजे होतं.

मजुरी तुम्ही कमी लावलीत, हे मला कळत नाही असं समजू नका, हिशोब माझ्याकडे असतो. काकूंसाठी सुकट आणि बोंबील पाठवलेत, ते परत पाठवायचे नाहीत. आणि मढचा आमचा मावसभाऊ पुढच्या आठवड्यात त्याच्या सीटा घेऊन येतोय, आमच्यापेक्षा वाईट अवस्था आहे. तो खूप घासाघीस करेल, तोंडाने गोड आहे, पण त्याचं अजिबात ऐकू नका, पूर्ण पैसे घ्या.

तुमची,
बोटवाली पोरगी