चि. अनिकेतला, गच्चीवरच्या सिनेमाबद्दल

नागपूर
रविवार, सकाळ

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तू सिनेमा दाखवायला गच्चीवर बांधलेली चादर तू गेल्यापासून तशीच दोरीला होती. आज घडी करायला वर गेले आणि ऑटोत बसतानाचं तुझं बोलणं आठवलं. "आई, या लोकांना काही दाखवण्यात अर्थच नाही. अर्धे हसतात, अर्धे उठून जातात." गाडीची वेळ झाली होती म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या रात्री तू सिनेमा बघत होतास, मी माणसं बघत होते. ३३ वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या तोंडाकडे बघत राहायची सवय काही सुटत नाही.

तू आधी उभं राहून छान सांगितलंस. 'चाइल्ड ऑफ गॉड', जेम्स फ्रँकोनं २०१३ मध्ये केलेला, कॉरमॅक मॅकार्थीच्या १९७३ च्या कादंबरीवरून, व्हेनिसच्या महोत्सवात स्पर्धेत होता. टेनेसीचे डोंगर, साठच्या दशकातला काळ, गावानं बाहेर टाकलेला लेस्टर बॅलर्ड. पण हा माणूस पुढे बायकांच्या प्रेतांशी काय करतो, ते सांगितलं नाहीस. ते सांगायला हवं होतं, बाळा. बाजूच्या काकू दिवाळीचा चिवडा घेऊन, नातीला मांडीवर बसवून बघत होत्या. गाडीतल्या त्या मेलेल्या जोडप्याचा प्रसंग आला तशी त्यांनी पोरीच्या डोळ्यांवर पदर धरला आणि जिना उतरल्या. तू म्हणालास, "मागासलेली माणसं." त्यांच्या जागी मी असते तर मीही उतरले असते.

हसण्याचं म्हणशील तर, जत्रेत नेम धरून जिंकलेली ती मोठाली कापसाची खेळणी घेऊन तो बसतो, त्यांच्याशी बोलतो, तिथे काका आणि त्यांचा जावई हसले. मला नाही त्यांचा राग आला. २०१४ मध्ये आम्ही शाळेतल्या बाया 'फँड्री' बघायला गेलो होतो, तेव्हा मीसुद्धा हसले होते. डुकरामागे धावणारं ते कुटुंब, कडेला बसून शेरे मारणारी गावची पोरं, आणि टॉकीजमध्ये आम्ही. त्या पोरांच्या हसण्यात आमचं हसणं कधी मिसळलं ते कळलंच नाही. मग जब्यानं भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आमच्याकडे आला आणि अंधार झाला. माझ्या शेजारच्या बाईंनी खरोखर हात तोंडासमोर नेला होता. नागराज मंजुळेंनी हसणाऱ्याला हसू दिलं, म्हणून तो दगड लागला. काका हसले म्हणजे त्यांना काही दिसलंच नाही, असं तू कसं ठरवलंस? पुढचा सगळा सिनेमा ते हात बांधून बसले होते. चिवड्याला शिवले नाहीत.

मला त्या सिनेमात जे खटकलं, ते मी तुला त्या रात्री बोलले नाही. ज्या पोरी मरतात, त्यांच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. दोन तास आपण हाच विचार करत राहतो, की या माणसाची दया यावी की किळस. त्या मात्र तशाच पडून राहतात.

माझं हे दुखणं जुनं आहे. १९८१ मध्ये मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही चौघी सीताबर्डीवर 'आक्रोश' बघायला गेलो. गोविंद निहलानींचा पहिला सिनेमा, लिहिलेला विजय तेंडुलकरांनी. ओम पुरींचा लहान्या भिकू, आदिवासी, सिनेमाभर तोंड उघडत नाही. बायकोवर अत्याचार करून तिला मारलं गावातल्या बड्यांनी, आणि खुनाचा आळ याच्यावर. वकील विचारून विचारून थकतो. शेवटी बापाच्या अंत्यविधीला पोलीस त्याला घेऊन येतात आणि तिथेच तो कुऱ्हाड उचलून स्वतःच्या बहिणीला मारतो. बायकोची गत झाली ती तिची होऊ नये म्हणून. मग वर तोंड करून ओरडतो. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. व्हरायटी चौकात चहाच्या टपरीवर कॉलेजची मुलं तिच्याबद्दलच बोलत होती, व्यवस्था, अन्याय, अभिनय, सगळं. आमच्यातली एक भंडाऱ्याकडची होती. ती इतकंच म्हणाली, "तिले विचारलं का कोणी?" मुलं थांबली, आणि मग पुन्हा ओम पुरींवर आली. ती किंकाळी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण मी घरी आले ती त्या बहिणीला सोबत घेऊन.

आता बाबांचं.

तुला वाटलं, बाबांना घाण वाटली म्हणून ते उठले. अनिकेत, ते तर सुरुवातीलाच उठले होते. घाणेरडं असं काही तोवर घडलंही नव्हतं. बॅलर्डच्या घराचा, जमिनीचा लिलाव चालू आहे आणि हा बंदूक घेऊन मध्ये येतो, तिथे. तू पुढे बसला होतास, तुला दिसलं नाही. खुर्ची न वाजवता ते कठड्यापाशी गेले, तिथून खाली.

रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर पाण्याचा पेला हातात घेऊन उभे. मग सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

काटोलकडच्या आपल्या गावी बाबांच्या मोठेबाबांचं, म्हणजे थोरल्या काकांचं, पाच एकर वावर होतं. चिंचेचं वावर म्हणायचे. कर्जापायी जप्ती आली, कोतवालानं दवंडी दिली, चावडीसमोर बोली लागली. साल १९७४, बाबा तेव्हा ११ वर्षांचे. मोठेबाबा एकटा जीव. ते चिंचेखालून उठेनात. नव्या मालकाचा सालदार वखर घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर कुऱ्हाड घातली. तो हात पुन्हा कधी धड झाला नाही. तोही पोटासाठी राबणारा, घरात तीन लेकरं. बाबा हे सांगताना दोनदा म्हणाले, त्याचा काय दोष होता. मोठेबाबा तुरुंगातून सुटून आले ते नाल्याकाठी छप्पर घालून राहिले. आया पोरांना त्यांच्या नावानं भेव दाखवायच्या. शाळेतून येताना पोट्टे त्या छपरावर गोटे मारायचे, आणि "तुह्या मोठेबाबाले मार ना बे" म्हणून बाबांना डिवचायचे. एक दिवस बाबांनी मारला. तो कपाळाला लागला. मोठेबाबांनी वळून पाहिलं, ओळखलं, आणि शिवी न देता छपरात गेले. दोन हिवाळ्यांनी वारले.

आता आजीचं आठव. पूर्ण सिनेमा बघितला तिनंही, शाल गुंडाळून, एक अक्षर इंग्रजी न कळता. दिवे लागल्यावर तिनं विचारलं, "काय रे, त्याले जेवाले कोण देत होतं?" तू हसलास, आजीला काही कळलंच नाही म्हणालास. आजी रोज दिवेलागणीला फडक्यात भाकर बांधून नाल्याच्या धुऱ्यावर ठेवून यायची. सासरच्यांना न सांगता, मोठेबाबा जाईपर्यंत. गोटा कोणाचा होता, हे तिला आजही माहीत नाही. तिच्याजवळ काढू नकोस.

हे तुला लिहू का, म्हणून मी बाबांना विचारलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. चष्मा पुसत बसले.

त्यांना फोन कर. सिनेमाचं बोलू नकोस, चिंचेच्या वावराचं विचार. तिथे आता तिसऱ्याच कोणाची संत्र्याची बाग आहे, चिंच केव्हाच तोडली, पण गावात अजून तेच नाव चालतं. संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा ते गच्चीवर एकटे असतात.

प्रोजेक्टरवाल्याचे २०० रुपये राहिले होते, ते मी दिले. काकूंच्या नातीनं तुझी पेन्सिलची डबी परत आणून दिली आहे.

तुझी,
आई