चार ओळी पुरेत

प्रिय अविनाश,
स.न.वि.वि.

पत्र मिळालं. बाकीच्या गप्पा नंतर, आधी तुझ्या त्या स्प्रेडशीटचं बोलू. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचं तू मनावर घेतलंस याचा आनंद आहे. पण सतरा रकाने? पानांची संख्या, लागलेले दिवस, पाचपैकी तारे, वर्षाचं उद्दिष्ट आणि वर ते किती टक्के गाठलं याचा आलेख! वाचतोयस की कारखाना चालवतोयस? आकडा ठरवला की माणूस नकळत बारकी पुस्तकं हुडकायला लागतो. वर्ष संपत आलं की सातशे पानांच्या कादंबरीकडे बघायची हिंमत होत नाही. मी तुझ्या जागी असतो तर यातले चार रकाने ठेवून बाकीचे उडवले असते.

तुझा दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. पुस्तक खरंच भिडलं असेल तर ते लक्षात राहतंच, मग लिहायचं कशाला? याला उत्तर म्हणून मी मोंतेनला पुढे करतो. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच निबंधकार आपल्या स्मरणशक्तीच्या नावाने कायम बोटं मोडायचा. काही वर्षांपूर्वी नीट वाचून, समास टिपणांनी भरून टाकलेलं पुस्तक आपण नवंकोरं समजून पुन्हा हातात घेतो, आणि हे एकदाच झालेलं नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्यावरचा त्याचा तोडगा साधा होता. जे पुस्तक पुन्हा उघडायचा विचार नसे, त्याच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख घालायची आणि खाली आपलं एकंदर मत लिहायचं. बस्स.

यातली काही मतं त्याने पुढे निबंधातही उतरवली. गिच्चार्दिनी नावाच्या इटालियन इतिहासकारावरचं टिपण तर तेव्हा दहाएक वर्षं जुनं झालेलं होतं. त्यात त्याने एक मजेशीर गोष्ट टिपलीय. हा गृहस्थ इतक्या माणसांच्या इतक्या कृत्यांचा निवाडा करतो, पण त्यातलं एकही कृत्य कोणी सद्गुणापोटी, धर्मापोटी किंवा सदसद्विवेकाला स्मरून केलं असेल असं म्हणत नाही! लढाया कुठे झाल्या, कोण जिंकलं, याचा इथे पत्ता नाही. वाचताना एका माणसाला जे जाणवलं तेवढंच आलंय, आणि म्हणूनच ते चारशे वर्षांनंतरही वाचावंसं वाटतं.

सारांश लिहू नकोस, असं मी म्हणतो ते यासाठी. कथानक मलपृष्ठावर असतं, हजार ठिकाणी मिळतं. तुला काय झालं, ते मात्र दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. ताऱ्यांचीही तीच गत. एखाद्या पुस्तकाला चार तारे का दिले होते, हे दोन वर्षांनी तुझं तुलाच सांगता येणार नाही. माझ्या वहीतल्या एका कादंबरीची नोंद बघ: ‘पहिली शंभर पानं ओढत नेली. मग सासू आली आणि पुस्तक तिने ताब्यात घेतलं. ती मेल्यावर लेखकालाच करमेना, हे दिसतं.’ बाकी कथानक पार विसरलोय, पण ही ओळ वाचली की ती बाई समोर उभी राहते. एका चरित्राखाली एवढंच आहे: ‘लेखक नायकाच्या इतका प्रेमात की नायकाचे शत्रूच जास्त जिवंत वाटले.’ कवितासंग्रहाचं अवघड असतं. तिथे मत सुचत नाही, म्हणून मी अडकलेली एक ओळ आणि पानाचा आकडा लिहून मोकळा होतो.

लिहायचं कधी? पुस्तक मिटल्यावर लवकरात लवकर, आणि त्यावर दुसऱ्याचं काहीही वाचायच्या आधी. एकदा चांगलं परीक्षण वाचलं की त्यातले शब्द आपल्याच तोंडचे वाटायला लागतात. वही कुणाला दाखवायचीही नाही, तुला हे दोन नमुने दिले तेवढेच. कोणीतरी वाचणार म्हटलं की माणूस शहाण्यासारखं लिहायला लागतो. थोरामोठ्यांनी डोक्यावर घेतलेल्या ग्रंथाखाली ‘कंटाळा आला’ असं लिहिण्याचं सुख मग कुठून मिळणार?

आणि जुनी नोंद कधी दुरुस्त करू नकोस. पुस्तक पुन्हा वाचलंस आणि मत पालटलं, तर खाली नवी तारीख घालून नवं मत लिही. विशीत ज्या नायकाच्या बंडखोरीवर आपण फिदा होतो, तोच चाळिशीत नुसता हट्टी वाटतो. दोन्ही मतं एकाच पानावर असली की पुस्तकापेक्षा आपलीच जास्त गंमत वाटते. मला या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त रस आहे तो यातच.

अशा टिपणांचं पुढे काय होईल हे सांगता येत नाही, बरं का. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) फोतियोस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने आपण वाचलेल्या सुमारे 280 ग्रंथांची टिपणं आपल्या भावासाठी लिहिली. कुठे दोन-चार ओळी, कुठे पानंच्या पानं, आणि लेखकाची शैली आवडली नाही तर तसं स्पष्ट. त्यातले अनेक ग्रंथ नंतर नष्ट झाले. क्टेसियस या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेल्या इराणच्या इतिहासाची आज जी माहिती आहे, तिचा मोठा भाग या टिपणांमुळेच टिकलाय. घाबरू नकोस, तुझ्या वहीवर एवढी जबाबदारी नाही!

आता व्यवहाराचं. पुस्तक, लेखक आणि संपल्याची तारीख हे हवंच. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव टाळू नकोस. मूळ लेखक रटाळ वाटला, पण दोष भलत्याचाच निघाला, असं होतं. पानाचा आकडा लिहिलास तर आवृत्तीही लिही, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात आणि मग ते वाक्य शोधता शोधता संध्याकाळ जाते. पुस्तकातलं वाक्य उतरवलंस तर अवतरणचिन्हात घाल, नाहीतर पुढे ते तुझंच म्हणून कुठेतरी ठोकून देशील. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकांनाही जागा दे: कितव्या पानावर सोडलं आणि का. माझ्या वहीतल्या सर्वांत प्रामाणिक नोंदी याच आहेत.

वही की संगणक, या वादात मी पडत नाही. संगणकात शोधणं सोपं, वहीत लिहिणं. वही घेतलीस तर शेवटची काही पानं लेखकवार सूचीसाठी कोरी सोड. तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1686 साली टिपणवहीच्या सूचीची पद्धतच प्रसिद्ध केली होती: शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून पान शोधायचं. त्याचं पाच स्वरांत भागलं. आपल्या बाराखडीला ते लावायला जाशील तर वाचन राहील बाजूला, त्या नादाला लागू नकोस.

चौथा रकाना राहिलाच: पुस्तक कुणाकडून आलं आणि कुणाकडे गेलं. हा मात्र अगदी काटेकोर भर. माझ्या वहीत त्या रकान्यात तुझं नाव दोनदा आहे, आणि दोन्हींपुढे परतीची तारीख कोरी आहे. त्यातलं जाडं पुस्तक वाचून झालं असेल तर आधी चार ओळी लिही, मग पाठव. वाचलं नसशील तर तसंच पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुंद