गुरुवारच्या ओपीडीतल्या आहारतज्ज्ञ मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला माझं नाव आठवणार नाही. प्रभादेवीची, घरून भाताची वाटी पिशवीत घालून आलेली बाई म्हटलं तर कदाचित आठवेल.

हे सगळं तोंडावर सांगायचं मी दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा मागे रांग होती आणि मागच्या आजी केसपेपरने वारा घेत ‘आटपा हो’ म्हणत होत्या. म्हणून लिहिते. आणि असं चारचौघांत लिहिते, कारण वजनावरून मला आजवर जे ऐकवलं गेलं तेही चारचौघांतच होतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन उंबरे झिजवले होते. पहिले एक डॉक्टर. रिपोर्टवरून मान वर न करता म्हणाले, “वजन उतरवा, नाहीतर सहा महिन्यांत गोळी सुरू.” किती उतरवू, कसं उतरवू, विचारलं तर म्हणाले, ते तुम्ही बघा. मी बघणार होते तर 800 रुपये कशाचे दिले, हे मी घरी येऊन विचारलं. अर्थात भिंतीला.

मग व्यायामशाळा. वर्षाचे पैसे एकरकमी. पहिल्याच दिवशी समोरून, बाजूने असा माझा फोटो काढला. ‘बिफोर’ म्हणे. ‘आफ्टर’ची पाळी आलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरला आणि ट्रेनर मुलगा फोन उचलेनासा झाला. तो फोटो अजून कोणाच्या मोबाइलात पडलाय देव जाणे.

तिसरे ते पावडरीचे डबे. ओळखीतून आले म्हणून नाही म्हणता आलं नाही. दोन वेळा शेक, एक वेळ जेवण. सहा आठवड्यांत 7 किलो उतरले. खोटं कशाला बोलू, खरंच उतरले. शेजारणी जिन्यात थांबवून विचारायला लागल्या. मग केस हातात यायला लागले, दुपारी चारला डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी डबे बंद केले आणि चार महिन्यांत 9 किलो परत आले. 7 गेले, 9 आले. डबे विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “तुमची विल पॉवर कमी पडली.”

विल पॉवर! 22 वर्षं पहाटे साडेपाचला उठून चार डबे भरून लोकल पकडणाऱ्या बाईला विल पॉवर शिकवतात.

लोकलवरून आठवलं. ज्या बाकावर तिघींनी बसायचं तिथे चौथी बसते, हा लेडीज डब्यातला अलिखित कायदा. ‘जरा सरकता का’ म्हटलं की तिघी सरकतात, चौथी अर्धी मांडी टेकते, अर्धी हवेत. मी ज्या बाकावर बसायचे तिथे चौथी कोणी विचारतच नसे. यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पुढच्या बाकाकडे जायच्या. कोणी वाईट बोललं नाही. पण रोज चर्चगेटपर्यंत मी ते बघत होते. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

तर अशी मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत, 10 रुपयांचा केसपेपर काढून तुमच्या टेबलासमोर बसले. उंची 154 सेंटिमीटर, वजन 82, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तुम्ही विचारलंत, काय ठरवून आलात? मी पाठ केल्यासारखं म्हणाले, “20 किलो. तीन महिन्यांत. मेमध्ये भाचीचं लग्न आहे.”

तुम्ही हसला नाहीत. पाठकोरा कागद ओढलात आणि हिशेब मांडलात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. 20 किलो म्हणजे 1 लाख 54 हजार. भागिले 90 दिवस, रोजची तूट 1,711. मग म्हणालात, “ताई, बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईची दिवसाची गरजच साधारण 1,660 धरतात. तुमचं वजन जास्त, म्हणून थोडी वाढवून धरा. तरी ताटात काय उरतं?”

मी अकाउंट्समध्ये जन्म काढला. दुसऱ्यांची खोटी बिलं मी दोन मिनिटांत पकडते. आणि स्वतःचा हा असला ताळेबंद वर्षानुवर्षं सही करून पुढे पाठवत होते!

20 खोडून तुम्ही 4 लिहिलेत. गणपतीपर्यंत 4 किलो. मला खरं सांगायचं तर अपमान वाटला. 82 मधून 4 गेले तर कोणाला दिसणार? तुम्ही म्हणालात, दिसणार नाही, पण रक्ताला कळेल. आहे त्या वजनाच्या 5 टक्के उतरले तरी साखर, दाब, चरबी यांच्यात फरक पडायला लागतो. घरी लेकीने शोधलं तर 2002 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक मोठा अभ्यास सापडला. उंबरठ्यावरच्या लोकांना 7 टक्के वजन आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य दिलं होतं, आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 82 चे 7 टक्के म्हणजे पावणेसहा किलो. एवढ्यासाठी मी ‘बिफोर’ फोटो काढून घेतला होता.

वाटीचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी सांगितलं, दोन वाट्या भात खाते. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी ती वाटी घेऊन या. मी नेली. तुम्ही मापाने पाणी ओतलंत आणि वाटी निघाली 260 मिलीची. तुमच्या तक्त्यातली वाटी 150 ची. म्हणजे माझ्या दोन वाट्या तुमच्या जवळजवळ साडेतीन. लग्नात मिळालेली वाटी हो ती, 24 वर्षं तिच्यावर विश्वास! भात बंद करा असं तुम्ही म्हणाला असतात तर मी पुन्हा आले नसते. मालवणी बाईला भात सोडायला सांगणं म्हणजे माहेर सोडायला सांगणं. तुम्ही फक्त वाटी बदललीत आणि रिकाम्या जागेत उसळ नाहीतर कोशिंबीर बसवलीत. माशाच्या वारी मासे तसेच राहिले, तळलेल्याच्या जागी कालवण जास्त वेळा आलं, इतकंच. ऑफिसातले पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, मी कधी खाण्यात धरलेच नव्हते. दहा चमचे साखर रोज पीत होते आणि दोष भाताला देत होते.

बाकी चालणं. दादरला उतरून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं ते सोडलं आणि प्रभादेवीपर्यंत पायी यायला लागले, आठवड्यातून पाच दिवस. पहिल्या आठवड्यात तीनदा बसले वाटेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, चालणं हे चालणंच असतं.

आता जे लिहायला बसले ते.

जूनअखेर मी 79.8 वर आले होते. जुलैत सासूबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन, मग एकोणीस दिवस इस्पितळ. दिवसा ऑफिस, रात्री त्यांच्या पलंगाखाली चटई. जेवण म्हणजे गेटबाहेरचा वडापाव आणि चहा, परत चहा. डबा न्यायचं बळ नव्हतं आणि खरं सांगते, त्या दिवसांत तो वडापाव हीच एक गोष्ट होती जी कोणी माझ्याकडे मागत नव्हतं, मला देत होतं.

तुमची तारीख आली तेव्हा जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण सासूबाईंचा एक्स-रे दाखवायला त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून आले. काट्यावरच्या मावशींनी नेहमीसारखं ओरडून सांगितलं, “एक्याऐंशी दोनशे!” रांगेतल्या दोघी वळल्या. मी खुर्चीत बसले आणि मान खाली घातली. काय येणार ते पाठ होतं. ‘काय खाल्लंत?’, ‘चालणं बंद केलंत ना?’, ‘असं कसं चालेल ताई.’ मी उत्तरंही तयार ठेवली होती, अर्धी खोटी.

तुम्ही आकडा लिहून घेतलात. पेनाला टोपण लावलंत. आणि विचारलंत, “घरी कोणी आजारी आहे का?”

माझ्या पिशवीतून एक्स-रेचं पाकीट डोकावत होतं, ते तुम्ही बघितलं असणार हे मला रात्री सुचलं. तेव्हा काहीच सुचलं नाही. मी रडले, मॅडम. ओपीडीत, ट्यूबलाइटखाली, रांगेसमोर. त्या तीन आठवड्यांत सासूबाई कशा आहेत हे मला निदान पन्नास जणांनी विचारलं होतं. नणंदेने, ऑफिसात, जिन्यात, भाजीवाल्याने सुद्धा. विचारायलाच हवं, त्यांचं हाड मोडलं होतं. पण माझ्याकडे बघून, माझ्या 1 किलो 400 ग्रॅमवरून, माझ्या घरी काय चाललंय हे ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या.

मग तुम्ही टोपण काढलंत आणि केसपेपरवर लिहिलंत: ‘सहा आठवडे वजन कमी करायचं नाही. वाढवायचंही नाही.’ एवढंच. मी म्हणाले, आणि गणपतीचे 4 किलो? तुम्ही म्हणालात, “गणपती दरवर्षी येतात.” पिशवीत चणे-शेंगदाणे आणि एक केळं ठेवा, वडापाव खाल्लात तर एकच खा आणि बसून खा. आणि आज घरी जाऊन झोपा, रात्री दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. त्या रात्री नवऱ्याला पाठवलं. इतके दिवस ‘बायकांचा वॉर्ड आहे’ म्हणून तो सुटला होता. रात्री बाहेर कॉरिडॉरमध्ये बसायला कोणी अडवत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

चांगुलपणाला पैसे पडत नाहीत असं आपण सहज म्हणतो. मला ते आता पटत नाही. त्या दिवशी तुमच्या दाराशी चाळीस माणसं होती आणि तुम्ही मला सहा-सात मिनिटं जास्त दिलीत. ती कुठून तरी कापली गेली. तुमच्या जेवणातून असतील नाहीतर घरी जायच्या गाडीतून. सासूबाईंच्या वॉर्डातल्या एक आयाबाई रात्री दोनला फेरी मारताना माझ्या अंगावरची चादर सारखी करून जायच्या. त्यांचं काम पेशंटचं, नातेवाइकांचं नव्हे. त्याही कुठून तरी कापूनच देत होत्या. आणि ज्यांना मी रोख मोजून पैसे दिले त्या तिघांपैकी एकाला माझं नाव नीट लिहिता आलं नव्हतं. शहर चाललंय ते कोणाच्या जिवावर, हे मला आता पावत्या बघून कळत नाही.

हिशेब द्यायला हवा, सवय आहे. गणपतीपर्यंत 4 नाही झाले, दिवाळीला झाले. मधे दोन महिने काटा हललाच नाही, तेव्हा तुम्ही टेप काढलीत आणि कंबर 98 ची 94 झालेली दाखवलीत. आपल्याकडे बाईसाठी 80 ची रेघ धरतात, म्हणजे अजून लांब आहे, ठाऊक आहे. काल वजन 74.8. साखर 5.8. भाचीच्या लग्नात मी 80 च्या घरातच होते आणि व्हिडिओत तशीच दिसते. पण शालू नेसून तीन मजले चढले आणि वर पोहोचल्यावर बोलू शकत होते. ते व्हिडिओत नाही.

गेल्या महिन्यात लोकलमध्ये एकीने ‘जरा सरकता का’ म्हटलं. मी सरकले. ती बसली, अर्धी हवेतच, आणि तिची छत्री लोअर परळपर्यंत माझ्या पायावर गळत होती.

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. गॅलरीत दहा फेऱ्या, मोजायचं काम माझ्याकडे. त्या दिवसाचं मी त्यांना सांगितलंय, त्यामुळे दर गुरुवारी विचारतात, “तुझी ती बाई काय म्हणाली गो?” त्यांनी तुमच्यासाठी मेतकूट दळून आणवलंय, स्वतः समोर बसून भाजून घेतलेलं. पुढच्या गुरुवारी आणते. मऊ भातावर घाला, वर चमचाभर तूप. कॅलरी मी मोजलेल्या नाहीत. बरणी प्लास्टिकची आहे, परत करायची नाही असं त्यांनी बजावून सांगितलंय.

तुमची,
प्रभादेवीची, मोठ्या वाटीवाली